मुशाहिरा कोणाच्या खजिन्यातून?

लाखभर प्रेक्षक सामावतील अशी क्रीडांगणे बांधणाऱ्या, प्रशिक्षकास प्रसंगी कुलगुरूंच्या कित्येक पट मुशाहिरा देणाऱ्या आणि चित्रवाणी कंपन्यांशी अब्जावधी डॉलरांचे करार करणाऱ्या अमेरिकन विद्यापीठांनी, ज्याच्या हाडांवर हा डोलारा उभा, त्या खेळाडूस मात्र फीमाफी, निवास व भोजन यांपलीकडे फारसे काही घेण्याची वर्षानुवर्षे मनाई केली होती. १९५५ साली कोलोरॅडोतील फोर्ट लुईस महाविद्यालयाकडून फुटबॉल खेळताना डोक्यास इजा होऊन रे डेनिसन मृत्यू पावला. त्याच्या पत्नीने कामगार-भरपाईचा दावा लावला, तेव्हा महाविद्यालय फुटबॉलचा धंदा करीत नाही असे कारण दाखवून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली तो फेटाळला. आज कोणते न्यायालय हे इतक्या निःशंकपणे म्हणू धजेल?

२०२१ मध्ये खेळाडूस स्वतःचे नाव व छबी विकण्याची मुभा मिळाली, आणि जाहिरातदारांच्याही पुढे धावले ते श्रीमंत माजी विद्यार्थी; त्यांनी वर्गणी गोळा करून ‘कलेक्टिव्ह’ नावाची मंडळे काढली व जाहिरातीच्या मिषाने उघड उघड वेतन सुरू केले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या, खेळाडूंनी लावलेल्या ‘हाऊस’ खटल्यातील तडजोडीने विद्यापीठांचा खजिनाही खुला झाला : पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांपर्यंत, शिवाय जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटींची भरपाई. टेनेसी विद्यापीठाने तर २०२५ च्या फुटबॉल तिकिटांवर दहा टक्के ‘टॅलेंट फी’ लावली. मला हा रोखठोकपणा आवडला. ज्याला पराक्रम पाहण्याची हौस, त्याने त्याचे मोल द्यावे, यात गैर ते काय?

परंतु जेथे चित्रवाणीचा पैसा पोहोचत नाही अशा कित्येक लहान विद्यापीठांत खेळांच्या खर्चाचा मोठा वाटा सर्व विद्यार्थ्यांच्या फीमधूनच वसूल होतो. संध्याकाळी दुकानात राबून, कर्ज काढून शिकणारा, सामन्याकडे कधी न फिरकलेला विद्यार्थीही त्यातून सुटत नाही. ‘हाऊस’ खटल्यात खेळाडूंचे वकील होते, विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएएचे होते, विद्यापीठांच्या बड्या क्रीडा-परिषदांचेही होते. या फी भरणाऱ्याचे वकीलपत्र मात्र कोणाकडेच नव्हते.