विश्लेषण : अँटिबॉडीचा आकडा म्हणजे प्रतिकारशक्ती नव्हे!

लस घेऊनही करोना होतो, मग लशीचा उपयोग काय? प्रतिपिंडे कमी झाली की संरक्षण संपते का? या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेच्या अहवालात सापडत नाहीत.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात करोना लसीकरण सुरू झाले आणि पुढे खासगी प्रयोगशाळांत प्रतिपिंडांची, अर्थात अँटिबॉडीची चाचणी करून घेणाऱ्यांची संख्या वाढली. आकडा मोठा आला की मुखपट्टी खिशात जायची. लहान आला की ‘आपल्याला लस लागूच पडली नाही’ ही धास्ती. दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते. लसीकरणानंतरची प्रतिकारशक्ती जोखण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२१ मध्येच स्पष्ट केले होते. गैरसमज मात्र आजही टिकून आहे आणि पुढच्या साथीत तो महागात पडू शकतो.

विषाणू शरीरात शिरल्यावर काय घडते?

करोनाचा विषाणू आपल्या काटेरी प्रथिनाच्या साह्याने पेशींवरील एसीई-२ या प्रथिनाला चिकटतो आणि आत शिरतो. पहिला प्रतिकार होतो तो जन्मजात यंत्रणेकडून. बाधित पेशी इंटरफेरॉन हे रसायन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. ताप, अंगदुखी ही बहुतांशी याच लढाईची लक्षणे.

दुसरी फळी तयार व्हायला काही दिवस लागतात. पण ती नेमका शत्रू ओळखते. बी पेशींपासून प्रतिपिंडे तयार होतात आणि ती विषाणूला पेशीबाहेरच अडवतात. जे विषाणू निसटून आत शिरतात, त्यांच्यासाठी मारक टी पेशी असतात. त्या बाधित पेशीच नष्ट करतात. साहाय्यक टी पेशी या दोघांमध्ये समन्वय राखतात.

प्रतिकारशक्ती जितकी जास्त, तितकी चांगली?

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे सांगत काढे आणि गोळ्या विकणाऱ्या जाहिरातींचा हाच दावा असतो. करोनाने तो खोटा ठरवला. अनेक गंभीर रुग्णांची फुप्फुसे निकामी होण्यामागे विषाणूइतकाच बेफाम झालेल्या प्रतिकारयंत्रणेचा हात होता. म्हणून तर प्रतिकारयंत्रणेला लगाम घालणारे डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड उपयोगी पडले. प्राणवायूची गरज असलेल्या रुग्णांचे मृत्यू त्यामुळे घटतात, असे ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत २०२० मध्ये दिसले. प्रतिकार वेळेवर, नेमका आणि मर्यादेत होणे महत्त्वाचे. लस शरीराला तेच शिकवते.

लस नेमके काय करते?

लस म्हणजे आजाराची किंमत न मोजता केलेली रंगीत तालीम. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशिल्ड निरुपद्रवी केलेल्या दुसऱ्या विषाणूमार्फत काटेरी प्रथिनाचा आराखडा पेशींपर्यंत पोहोचवते. भारत बायोटेकच्या कोव्हॅक्सिनमध्ये संपूर्ण, पण निष्क्रिय केलेला करोना विषाणू असतो. दोन्हींमुळे प्रतिपिंडे तर तयार होतातच. शिवाय शत्रूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशीही घडतात.

प्रतिपिंडे घटली, म्हणजे संरक्षण संपले?

नाही. लढाई संपल्यावर फौज कमी करावी, तसे शरीर प्रतिपिंडांचे उत्पादन घटवते. हे निरोगी यंत्रणेचे लक्षण आहे. काही पेशी अस्थिमज्जेत मुक्काम करून थोड्या प्रमाणात प्रतिपिंडे बनवत राहतात आणि स्मृतिपेशी पहारा देतात. २००३ मध्ये सार्सच्या साथीतून वाचलेल्यांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी १७ वर्षांनंतरही सापडल्या होत्या.

मग लस घेतलेल्यांना संसर्ग का होतो? दंडात दिलेल्या लशीमुळे रक्तात भरपूर प्रतिपिंडे येतात. नाकाच्या अस्तरात मात्र कमी. विषाणू तेथे शिरकाव करतो आणि स्मृतिपेशी पूर्ण ताकदीने कामाला लागेपर्यंत काही दिवस जातात. तेवढ्यात सर्दी-ताप येतो, पण आजार सहसा गंभीर होत नाही. ओमायक्रॉनने काटेरी प्रथिनात इतके बदल केले की अनेक प्रतिपिंडे निष्प्रभ ठरली. टी पेशी मात्र विषाणूचे अनेक वेगवेगळे तुकडे ओळखतात, त्यामुळे त्यांना चकवणे तुलनेने अवघड गेले.

अहवालातील आकडा काय सांगतो?

फार थोडे. निरनिराळ्या कंपन्यांच्या चाचण्यांचे एकक आणि लक्ष्य वेगळे असते, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना होत नाही. काही चाचण्या काटेरी प्रथिनाऐवजी विषाणूच्या आतील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे शोधतात. कोव्हिशिल्ड घेतलेल्या, पण कधीही संसर्ग न झालेल्या व्यक्तीचा अशा चाचणीचा अहवाल ‘निगेटिव्ह’च येणार. त्यात लशीचा दोष नाही. स्मृतिपेशी आणि टी पेशी तर या अहवालात दिसतच नाहीत.

ही चाचणी निरुपयोगी नाही. तिचा उपयोग समूहासाठी आहे. जून-जुलै २०२१ मधील राष्ट्रीय सर्वेक्षणात ६७.६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली, तेव्हा साथीचा खरा पसरावा कळला.

वर्धक मात्रा कोणासाठी?

वय वाढते तशी प्रतिकारयंत्रणेची स्मृती क्षीण होते. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना आणि काही कर्करुग्णांना औषधांमुळे प्रतिकार उभा करता येत नाही. म्हणून १० जानेवारी २०२२ पासून दक्षता मात्रा देताना आरोग्य व आघाडीचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेले ज्येष्ठ यांना प्राधान्य मिळाले, ते योग्यच होते. हा निर्णय वय, आजार आणि डॉक्टरांचा सल्ला यांवर व्हावा; प्रयोगशाळेतील आकड्यावर नव्हे. ‘एकदा आजार होऊन गेला की झाले’ हा हिशेबही धोक्याचा आहे, कारण त्या धड्याची किंमत कोणाला किती मोजावी लागेल हे आधी कळत नाही.

लशीचे खरे काम गंभीर आजार आणि मृत्यू रोखण्याचे होते. हे सरकारी यंत्रणांनी पहिल्या दिवसापासून ठासून सांगायला हवे होते. ते पुरेसे झाले नाही, म्हणून लसीकरणानंतरची प्रत्येक सर्दी लशीच्या अपयशाचा पुरावा ठरली. आता किमान प्रयोगशाळांनी अहवालावर ‘या आकड्यावरून संरक्षण ठरत नाही’ असे सोप्या मराठीत छापावे. लशीवरचा विश्वास अशा एका ओळीनेही वाचू शकतो आणि पुढच्या साथीत त्याच विश्वासावर अनेकांचे प्राण अवलंबून असतील.