जुनी गाडी घेताना ज्येष्ठांना सोबत न्या

येवल्याहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. हृदयाच्या वा डोळ्यांच्या तपासणीसाठी हे अंतर बसने जाणे सत्तरीनंतर कष्टाचे होते. त्यामुळे जुनी गाडी घेण्याचा विचार रास्तच आहे. मात्र महिन्याचा हिशेब मांडताना औषधे व तपासण्यांची रक्कम प्रथम बाजूला काढावी. उरलेल्या पैशांत हप्ता, इंधन, विमा आणि दुरुस्ती हे चारही खर्च बसले पाहिजेत. हप्त्यापायी रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेणे म्हणजे पक्षाघाताला निमंत्रण देणे होय.

गाडी पाहण्यास ज्येष्ठांना अवश्य न्यावे. आसन त्यांच्या गुडघ्याच्या उंचीपेक्षा किंचित वर असावे. आधी बसून मग दोन्ही पाय आत घेता येतात का, उठताना आधार मिळतो का, मागे वॉकर मावतो का, हे पाहावे. फार ठेंगणी गाडी स्वस्त मिळाली तरी दुखऱ्या गुडघ्यांना ती सोसत नाही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यातील किती उरली आणि आरसीवर बँकेचा बोजा आहे का, हे तपासावे. विश्वासू मेकॅनिकने गाडी पाहिल्याखेरीज विसार देऊ नये. व्यवहार ठरताच फॉर्म २९ व ३० भरून गाडी आणि विमा, दोन्ही आपल्या नावावर करून घ्यावेत.