विचारायला उशाशी कोणी नव्हते

कोविडचा विषय निघाला की आपल्या घरांत ऑक्सिजनची आणि रेमडेसिवीरसाठी केलेल्या धावपळीची आठवण निघते. जो वॉर्डात एकटा पडून होता त्याच्यावर काय गुजरली, हे फारसे कोणी विचारत नाही.

शाळेत येणाऱ्या पालकांकडून मी हे बरेच ऐकले आहे. डॉक्टर वाईट नव्हते, सिस्टर रात्र-रात्र राबत होत्या; पण पीपीई किटमुळे डॉक्टर कोण आणि मावशी कोण, हेच कळेना. एका विद्यार्थिनीच्या नानींना ऐकू कमी येते, त्या समोरच्याच्या ओठांवरून बोलणे ओळखतात. मास्कमागे ओठच दिसेनात. त्यांना तासन् तास पालथे झोपवले. अशाने फुफ्फुसांच्या मागच्या भागात हवा पोहोचते, ऑक्सिजन वाढतो, एवढे त्यांना समजेल असे कोणी सांगितले नाही. आपल्याला सजा दिली असेच नानींना वाटले. बऱ्या होऊन आल्या, अल्हम्दुलिल्लाह, पण आजही दवाखान्याचे नाव काढू देत नाहीत.

इयादत आपण सवाबाचे काम मानतो. पण उशाशी बसलेला माणूस सलाईन संपली की हाक मारतो, गोळी कशाची ते विचारतो, बिलावरची ओळ न् ओळ वाचतो. कोविडने तोच माणूस दाराबाहेर ठेवला. संसर्गाची भीती खरीच होती. तरी घरच्यांना दिवसातून एक ठरलेला फोन करणे इतके अवघड होते, हे मला पटत नाही.

बिलाचेही तेच. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांना कोविडचे दर बांधून दिले होते: साध्या वॉर्डात दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूत ७,५००, व्हेंटिलेटर लागला तर ९,०००. पीपीई किट, काही महागडी औषधे आणि तपासण्या वेगळ्या. बिले तपासायला लेखापरीक्षकही नेमले होते. हे दर आपल्या किती घरांना माहीत होते? अनेकांनी आकडा पाहिला आणि मुकाट्याने बांगड्या मोडल्या.

कागदांची गोष्ट तर राहिलीच. रुग्णाने किंवा त्याच्या वतीने घरच्यांनी मागितल्यास उपचाराची कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असा नियम २००२ पासून आहे. मय्यतीच्या दुःखात काही घरांनी रिपोर्ट फेकून दिले. पुढे सरकारची ५०,००० रुपयांची मदत जाहीर झाली, तेव्हा त्याच रिपोर्टसाठी बेवा बायका त्याच दवाखान्याच्या खिडकीशी रांगेत उभ्या होत्या.