पाणंदीचे पाहुणे

फ्रान्सच्या डोंगराळ द्राक्षमुलखातील खडीच्या वाटा सायकलने पालथ्या घालून नुकतेच परतलेले आमच्या एका जुन्या स्नेह्यांचे चिरंजीव गेल्या रविवारी घरी आले, आणि चहाचा पेला हाती घेण्यापूर्वीच ‘मानवी स्पर्श न झालेला निसर्ग’ हे शब्द त्यांनी अशा काही निःशंकपणे उच्चारले की, माझा पुढचा सगळा आठवडा नासला. माझा आठवडा नासण्यास मोठेसे निमित्त लागत नाही, हे या सदराच्या वाचकांस विदित आहे. मागे एका लग्नपत्रिकेतील अनुस्वारांनी तो नासला होता आणि त्या वेळी संपादकांनी दिलेली जागा अपुरी पडली होती. पण बोजोलेच्या मळ्यांना मानवी स्पर्श झालेला नाही असे म्हणणे हे आषाढी एकादशीस चंद्रभागेचे वाळवंट निर्जन असते असे म्हणण्यासारखेच आहे, आणि ते मी मुकाट्याने ऐकून घेतले याचे कारण एवढेच की, चिरंजीवांच्या तीर्थरूपांकडे माझी काही पुस्तके अडकून पडली आहेत.

बोजोले हा लिऑन शहराच्या उत्तरेचा टापू. त्याच्या वरच्या अंगास ग्रॅनाइटच्या टेकड्या, त्यांवर गामे नावाची वेल, आणि मोर्गों, फ्लरी, शिरूब्ल अशी दहा नामांकित शिवारे, ज्यांच्या नावाने तेथील उत्तम मद्य विकले जाते. या वेलीला बरगंडीच्या ड्यूक फिलिपने १३९५ साली फर्मान काढून आपल्या मुलखातून हद्दपार केले, आणि त्या फर्मानात तिच्यावर बेइमानीचा आरोपही ठेवला. एका वनस्पतीवर असा आरोप ठेवणारा दुसरा राज्यकर्ता माझ्या वाचनात नाही. त्याच्या अमलाबाहेरच्या या ग्रॅनाइटवर मात्र ती सुखाने नांदली. हल्ली या टेकड्यांतून जी सायकल फिरते तिचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद, त्यांत हवा बुद्ध्याच कमी, आणि किंमत अशी की ती विचारणाऱ्याने आधी बसून घ्यावे.

माझी पुतणी लिऑनला असते. तिच्याकडील मुक्कामात जावईबापूंनी, माझ्या गुडघ्यांचा समग्र इतिहास याच सदरातून प्रसिद्ध झालेला असतानाही, बॅटरीची मदत असलेली एक भाड्याची सायकल माझ्या हवाली करून मला या टेकड्यांत नेले. डांबरी रस्ता संपला तिथे ते थांबून म्हणाले, “काका, आता उतारावर ब्रेक गच्च दाबू नका, सायकलला तिची वाट शोधू द्या.” मी म्हटले, “तुम्ही पुढे व्हा, मी आपला पाहत पाहत येतो.” आणि पाहत पाहत आल्यामुळेच मला जे दिसले ते चिरंजीवांना त्यांच्या वेगापायी दिसले नसावे. चाकाखाली करकरणारा तो गुलाबीसर भरड मुरूम जागोजागी नव्याने पसरलेला होता. वाटेला ठरावीक अंतराने तिरपे चर काढलेले होते, पावसाचे पाणी वाटेवरून सरळ धावत सुटू नये म्हणून. आणि प्रत्येक चरावर पुढचे चाक असे आदळे की, तो चर कोणीतरी विचारपूर्वक काढला आहे याविषयी निदान माझ्या मनगटांना तरी शंका उरली नाही. पूर्वी वळवाने उताराच्या तळाशी वाहून आलेली माती मळेकरी टोपल्यांत भरून, पाठीवर घेऊन, पुन्हा वर नेऊन टाकीत. ज्या डोंगराची माती माणसांनी पाठीवरून वर नेली, तो डोंगर अस्पर्शित कसा, हे चिरंजीवांनी मला समजावून सांगावे.

समोरून एक ट्रॅक्टर आला. हे यंत्र वेलींच्या ओळीच्या दोन्ही अंगांस पाय टाकून, ओळ पोटाखाली घेऊन चालते, त्यामुळे त्याची उंची चमत्कारिक असते आणि चालकाच्या मुद्रेवर एक प्रकारची न्यायासनाची शांतता असते. जावईबापू तत्काळ सायकलवरून उतरले, सायकल गवतात घेतली, ‘बोंझूर’ म्हणाले आणि ते यंत्र जाईपर्यंत उभे राहिले. चालकाने चक्रावरची दोन बोटे उचलून वंदन स्वीकारले. माझ्या मते त्या सबंध दिवसातील सभ्य व्यवहार तो हाच होता. उलट बाजूने आलेला एक रंगीबेरंगी घोळका मात्र घंटा वाजवीत त्याच ट्रॅक्टरच्या अंगावरून असा निघून गेला, जणू ती वाट त्यांच्या मनोविनोदार्थच काढलेली होती आणि त्या गृहस्थाने तीवर अतिक्रमण केले होते.

आमच्या इमारतीतील एका विनोदी गृहस्थांनी हा वृत्तांत ऐकून, खराब रस्त्यांसाठी फ्रान्सपर्यंत जाण्याचा खर्च कशाला, असा प्रश्न केला. प्रश्न टाळ्या घेणारा आहे, पण फसवा आहे. आपल्या रस्त्यातील खड्डा हे दुर्लक्षाचे अपत्य होय, आणि मळ्यातील मुरमाची वाट ही दरसाल निगराणी घेणाऱ्या माणसांची करणी होय. दोहोंवर सायकल उडते एवढेच त्यांतले साम्य. त्या निगराणीची किंमतही कोणी थोडी मोजलेली नाही. बोजोलेत पिढ्यान्पिढ्या पुष्कळसे मळे अर्धेलीने कसले जात. मालक बहुधा शहरात, कसणारा टेकडीवर, आणि उत्पन्नाची निम्मी वाटणी मालकाची. ब्रुयी नावाच्या ४८४ मीटर उंच डोंगरावर द्राक्षमातेचे एक छोटे चर्च आहे. १८५० नंतरच्या दशकात वेलींवर भुरी पडली, मळे हातचे जाऊ लागले, तेव्हा लोकांनी ते बांधायचे मनावर घेतले आणि १८५७ साली पुरे केले. नाशिककडच्या बागाईतदारास भुरी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पानावर पीठ भुरभुरल्यासारखा तो पांढरा थर दिसताच त्याच्या तोंडचे पाणी पळते आणि तो गंधकाची पिशवी शोधू लागतो. अशा त्या डोंगराच्या चढावर २०१६ साली पॅरिस–नीस शर्यतीचा टप्पा संपायचा होता आणि तो बर्फामुळे रद्द झाला. मी चढलो तेव्हा बर्फ नव्हते, बॅटरी होती, आणि तरीही मध्यावर उतरून सायकल हाताने ढकलण्यात मला कमीपणा वाटला नाही.

कमीपणा न वाटण्यास शास्त्राधार आहे. लिऑनपासून फार दूर नसलेल्या सेंतएत्येन येथे पॉल द विवी नावाचा एक रेशमाचा व्यापारी होऊन गेला (१८५३–१९३०). सायकलीच्या छंदापायी त्याने रेशमाला रामराम ठोकला, १८८७ मध्ये सायकलविषयक नियतकालिक काढले, आणि ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने गिअरचा असा हिरिरीने पुरस्कार केला की, डोंगर चढणाऱ्या प्रत्येक मध्यमवयीन मनुष्याने सकाळी त्याचे स्मरण करावे. टूर द फ्रान्सचा जनक आंरी देग्रांज याला हे अजिबात रुचले नाही. गिअर ही पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची सोय आहे, असा शेरा त्याने १९०२ साली मारला, आणि साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर टाकणाऱ्या त्या यंत्राला त्याच्या शर्यतीत मुभा मिळण्यास १९३७ साल उजाडावे लागले. पंचेचाळिशी मी केव्हाच ओलांडली असल्यामुळे या वादात माझा पक्ष कोणता, हे निराळे सांगायला नको. व्हेलोसिओने प्रवासी सायकलस्वारांकरिता काही नियमही घालून दिले आहेत. भूक लागण्यापूर्वी खावे आणि तहान लागण्यापूर्वी प्यावे, हे त्यांतले सर्वश्रुत. परंतु सफरीवर असेतो तरी मद्य, मांस व तंबाखू वर्ज्य करावी, आणि केवळ मिरविण्यासाठी कधीही पायंडल मारू नये, हेही त्यांतच आहे. त्याच्या पश्चात त्याच्याच देशात मळ्यामळ्यांतून थांबून चव घेत जाणाऱ्या सायकलसफरी विकल्या जाव्यात, यात नियतीचा खट्याळपणा आहे. फ्रान्सचा कायदा रक्तातील मद्याची मर्यादा सायकलस्वारासही लागू करतो, ही गोष्ट वेगळी. ती जावईबापूंनी मला पहिल्याच तळघराच्या दाराशी सांगितली आणि माझ्या हाती द्राक्षरसाचा पेला दिला. आणि हे जे रुंद, मऊ टायर आज नवा शोध म्हणून दुकानांत मांडले आहेत, तशाच टायरांवर फ्रेंच सायकलयात्री मागील शतकाच्या मध्यापर्यंत घाटांतील कच्च्या वाटा तुडवीत होते. फक्त त्यांच्या अंगावर साध्या विजारी असत.

पण मला सांगायचे होते ते त्या वाटेच्या मालकीविषयी. फ्रान्सच्या कायद्यात गावकीची वाट निराळी आणि शेतीच्या वहिवाटीची वाट निराळी. पहिली गावाच्या मालकीची असून तीवरून कोणीही जावे. दुसरी लगतच्या जमीनमालकांची. विरुद्ध दस्तऐवज नसेल तर ज्याच्या हद्दीला ती लागते तितकी त्याची मानावी, वापर मात्र सर्व संबंधितांस मोकळा, दुरुस्तीचा खर्च ज्याच्या त्याच्या गरजेच्या प्रमाणात वाटून घ्यावयाचा, आणि सर्व मालकांच्या संमतीवाचून ती मोडता येत नाही. परक्या जनतेस तीवर मज्जाव करण्याचा हक्क त्यांना आहे. ते तो सहसा बजावीत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

ही कलमे वाचताना मला पदोपदी आमच्या नाशिक जिल्ह्यातील मूळ गावची पाणंद आठवत होती. नकाशावर ती आहे, तीन पिढ्यांची वहिवाट आहे, आणि तरीही भाऊबंदांपैकी एकाने आपल्या द्राक्षबागेच्या टोकाशी तीवर तारेचे कुंपण ओढले, म्हणून १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दरखास्त करावी लागली. स्थळपाहणी झाली, पंचनामा झाला, पंचांपैकी एकाने आपण कुंपण पाहिले परंतु पाणंद पाहिली नाही असा जबाब दिला. प्रतिवादी स्वभावाने वाईट नाही. त्याचाही ट्रॅक्टर त्याच वाटेने जातो, म्हणून हंगामात माल निघू लागला की तो स्वतःच तारा सोडतो आणि माल गेला की पुन्हा बांधतो. गेल्या खेपेस दोन्ही पक्ष तहसील कचेरीच्या ओट्यावर शेजारी शेजारी बसून भुरीवर कोणते औषध लागू पडते याचा खल करीत होते, आणि पुढची तारीख ऑक्टोबरची छाटणी उरकल्यानंतरची मागावी, याविषयी वादी व प्रतिवादी यांचे संपूर्ण एकमत झाले.