उतारा कळला म्हणजे काय कळले?

रविवारी सकाळी आमच्या महाविद्यालयात नेट-सेटच्या पहिल्या पेपरचा वर्ग भरतो. आधी सातारा जिल्ह्यात आणि आता सांगली जिल्ह्यात नोकरी करताना असे वर्ग मी बरीच वर्षे पाहत आले आहे. येणारी मुले बहुतांशी एम. ए. मराठीची, माण-खटावची, आटपाडीची, जतची. घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच पिढी. या वर्गात ‘आकलन’ हा घटक शिकवायला कोणी मिळेना, तेव्हा तो माझ्याकडे आला. मराठीच्या बाईंनी इंग्रजी उतारे शिकवावेत याची सहकाऱ्यांना गंमत वाटली. मलाही प्रथम संकोचच वाटला.

एका रविवारी मी सिंचनावरचा एक इंग्रजी उतारा दिला होता. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे : कालव्याच्या पाण्याने उत्पन्न वाढले हे खरे, मात्र ज्यांची जमीन कालव्याकाठी होती त्यांनाच त्याचा लाभ झाला, आणि उन्हाळ्यातली पिण्याच्या पाण्याची टंचाई तशीच राहिली, म्हणून केवळ भिजलेल्या क्षेत्रावरून दुष्काळ हटल्याचा निष्कर्ष काढू नये. प्रश्न होता, लेखकाचे मुख्य प्रतिपादन कोणते? बहुतेकांनी खूण केली ती ‘सिंचनामुळे दुष्काळ संपतो’ या पर्यायावर. उत्तर चुकले असे सांगताच जतकडची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, “मॅडम, पण पाणी आल्यावर दुष्काळ हटतोच की! आमच्याकडं म्हैसाळचं पाणी आलं आणि द्राक्षबाग उभी राहिली.” मी म्हटले, “तुझं म्हणणं खरंच असेल. पण लेखकाचं म्हणणं काय आहे?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “ते इंग्रजीत आहे ना, मॅडम.”

पुढच्या रविवारी मी तोच उतारा मराठीत करून नेला. शब्दांची अडचण अर्थातच उरली नाही. पण मुख्य प्रतिपादनाच्या प्रश्नापाशी अनेकांची खूण पुन्हा त्याच पर्यायावर पडली. त्या दिवसापासून मला वाटू लागले की, या मुलांना इंग्रजी येत नाही हे आपण शोधलेले कारण अर्धेच आहे. उरलेले अर्धे कारण आपल्या, म्हणजे मराठीच्या, वर्गात आहे. आणि म्हणून त्यावरचा इलाजही आपल्यालाच करावा लागेल.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. १९८९ पासून घेतल्या जाणाऱ्या नेट परीक्षेत जुलै २०१८ पासून तीनांऐवजी दोन पेपर आले. पहिला सर्व विषयांना समान, ५० प्रश्न, १०० गुण. दुसरा विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्या पेपरचे दहा घटक आहेत आणि त्यांतला तिसरा घटक म्हणजे आकलन : एक उतारा, त्यावर पाच प्रश्न. मराठीच्या उमेदवाराचा दुसरा पेपर मराठीत असतो. पहिला मात्र इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत. शिवाय भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी पाठ अंतिम मानला जाईल, असा नियम आहे. महाराष्ट्र आणि गोवा यांच्यासाठी पुण्याचे विद्यापीठ घेते त्या सेटच्या पहिल्या पेपरात इंग्रजीसोबत मराठी असते, हा दिलासा खरा. पण मराठी पाठ अडला की नजर इंग्रजी पाठाकडेच जाते.

पाच प्रश्नांचे दहा गुण. तीनशेपैकी दहा गुणांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे शिकवणीवर्गांतले हिशेबी लोक विचारतात आणि पाठोपाठ युक्तीही सांगतात : आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात तो शब्द शोधा, त्याच्या आजूबाजूला उत्तर असते. साल, संख्या, नाव विचारले असेल तेव्हा ही युक्ती चालते. लेखकाचा रोख विचारला की ती हमखास फसते, कारण रोख एका शब्दात नसतो. तो ‘मात्र’ आणि ‘तथापि’ यांच्या वळणावर असतो. सिंचनाच्या उताऱ्यात ‘उत्पन्न वाढले’ हे शब्द होतेच. मुलांनी ते शोधले, ते सापडले, आणि वाचन तिथेच थांबले.

हा दोष आजचा नाही आणि केवळ आपलाही नाही. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमधल्या आपल्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय मागवले. ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या १९२९ च्या ग्रंथात त्यांनी वाचनातल्या अडचणींची जी यादी केली, तिच्यात पहिली अडचण कोणती होती? साधा वाच्यार्थ न कळणे. इंग्रजी हीच मातृभाषा असलेली, उत्तम शाळांतून आलेली ती मुले होती. त्याच यादीत ‘ठरीव प्रतिसाद’ही आहे : शब्द दिसताच मनात आधीपासून तयार असलेली भावना उसळते आणि समोरची संहिता बाजूला पडते. आपण एम. ए.च्या वर्गात रिचर्ड्‌स शिकवतो. टीप लिहून देतो, वैशिष्ट्ये सांगतो. जतची विद्यार्थिनी ‘पाणी’ या शब्दाला जो प्रतिसाद देत होती तो रिचर्ड्‌सच्या पानावरचाच होता, हे मात्र माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

तिचा प्रतिसाद खोटा होता असे मला म्हणायचे नाही. तो अनुभवाचा होता, आणि कदाचित उताऱ्याच्या लेखकापेक्षा तिला पाण्याविषयी अधिक कळत असेल. पण लेखकाशी वाद घालायचा तर आधी तो काय म्हणतो ते नेमके मांडता आले पाहिजे. समीक्षेची पहिली अट तीच आहे.

याच मुलांना दुसरा एक उतारा किती बारकाईने वाचता येतो! सातबाराचा उतारा हाती आला की आधी क्षेत्र, मग नावे आणि मग ‘इतर हक्क’ या रकान्याकडे त्यांची नजर जाते. सोसायटीचा बोजा चढला आहे का, कुणा बहिणीचे नाव लागले आहे का, हे पाहिल्याशिवाय ती कागद खाली ठेवत नाहीत. जमीन कुणाच्या नावावर आहे एवढ्याने भागत नाही, ती कोणत्या अटींवर आहे हेही पाहावे लागते, हे घरातल्या अडाणी आजोबांनाही ठाऊक असते. मी वर्गात सांगू लागले : वाक्यालाही ‘इतर हक्क’ असतात. विधान मुख्य रकान्यात, पण त्यावरचा बोजा ‘जरी’, ‘मात्र’, ‘खेरीज’, ‘क्वचितच’ अशा शब्दांत. मुले हसली, पण मुद्दा त्यांच्या मनात बसला.

आता इंग्रजीकडे येऊ. मुलांच्या चुका गोळा करू लागले तेव्हा दिसले की, त्या अवघड शब्दांपेक्षा सोप्या शब्दांत अधिक आहेत. मराठीत ‘जरी’ला ‘तरी’ची जोड असते, इंग्रजीतले ‘ऑलदो’ एकटेच येते. जोडीदाराची वाट पाहणारा मराठी वाचक दोन्ही उपवाक्यांना सारखेच वजन देऊन मोकळा होतो. आपण ‘पाऊस पडला नाही तर’ म्हणतो, आपला नकार उघड असतो. ‘अनलेस’च्या पोटात तो लपलेला असतो, आणि वाक्य उलटेच वाचले जाते. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आहेत. नुसते ‘फ्यू’ म्हणजे फारसे नाहीत. एका अक्षराच्या उपपदाने लेखक आशावादी आहे की निराश, हे ठरते.

सर्वांत मोठा घोटाळा संबंधी उपवाक्यांचा. मराठी आधी ‘ज्यांची जमीन कालव्याकाठी होती’ असे सांगते आणि मग ‘त्या शेतकऱ्यांना’ म्हणते. अट आधी, माणूस नंतर. इंग्रजी आधी शेतकरी उभे करते आणि अट मागाहून ‘हू’ लावून जोडते. घाईने वाचणारा शेतकऱ्यांना धरतो आणि त्यांच्यामागचे उपवाक्य वाटेत सोडून क्रियापदाला जाऊन भिडतो. ‘शेतकऱ्यांना लाभ झाला’ एवढेच हाती लागते. आमच्या उताऱ्यात नेमके हेच घडले होते. हा फरक इंग्रजीच्या पुस्तकातून उलगडत नाही, कारण तिथे मराठी वाक्य नसते. तो उलगडून दाखवू शकतो मराठी व्याकरण शिकलेला शिक्षक. ‘जो-तो’च्या रचनेवर आपण वर्षानुवर्षे प्रश्नपत्रिका काढतो, तिचा असा उपयोग आपण कधी केला?

जुन्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेतून इंग्रजी आत्मसात केले. पुढे ती पद्धत कालबाह्य ठरली आणि तिच्यातले कृत्रिम वाक्यप्रयोग विनोदाचे विषय झाले. पण तिच्यात एक शिस्त होती : प्रत्येक शब्दाचा हिशेब द्यावा लागे. चार पर्यायांच्या परीक्षेत हा हिशेब कुणी मागत नाही. माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटले. महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतही ते पहिलीपासून आहे. म्हणजे आजच्या विद्यार्थ्याचा इंग्रजीशी परिचय माझ्यापेक्षा चार वर्षांनी अधिक. तरीही तो उताऱ्यापाशी अडतो. वर्षे वाढवून हे सुटणारे नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला न्यायाचा : मराठी शिकवणाऱ्याने इंग्रजी उतारा का सोडवावा? नेटचा पहिला पेपर मराठीतही असावा, ही मागणी मला रास्त वाटते आणि ती सोडू नये. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतील इंग्रजी आकलनाचे गुण २०१४ च्या आंदोलनानंतर गुणवत्तेच्या हिशेबातून वगळले गेले, हे उदाहरण ताजेच म्हणायचे. पण परीक्षा संपल्यावर काय? संरचनावाद, स्त्रीवाद, उत्तर-वसाहतवाद हे सारे आपल्या मराठी विभागांत बहुधा सारांशाच्या सारांशातून येते. ज्याला मूळ इंग्रजी परिच्छेद स्वतः वाचता येत नाही, त्याला कुणाच्या तरी टिपणांवर आयुष्यभर विसंबावे लागते. हे परावलंबन मला परीक्षेतल्या दहा गुणांपेक्षा अधिक टोचते.

दुसरा आक्षेप वेळेचा : वाक्यावाक्याचे मराठी करत बसले तर तीन तासांत दीडशे प्रश्न कसे व्हायचे? परीक्षेत नाहीच व्हायचे. पण सराव सावकाश करण्यासाठीच असतो. सावकाश वाचण्याची सवय लागलेल्यालाच पुढे भरभर वाचताना कुठे थांबायचे हे कळते.

१९१९ साली कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. एक वाट शाळेबाहेर राहिलेल्यांना आत आणणारी, दुसरी इंग्रजी उच्चशिक्षणाची पुण्याची परंपरा कृष्णाकाठी आणणारी. माझ्या रविवारच्या वर्गातली मुले या दोन्ही वाटांची वारस आहेत. पहिल्या वाटेने ती इथवर पोचली. दुसरीच्या दाराशी त्यांना अडवणारी गोष्ट काय आहे, हे पाहणे आपले काम आहे.

माझी सूचना साधी आहे. एम. ए. मराठीच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास ठेवावा. एक इंग्रजी परिच्छेद, पंधरा ओळींपेक्षा मोठा नको. विद्यार्थ्याने तो आधी स्वतःच्या मराठीत लिहावा; मग पर्याय पाहावेत; आणि उत्तर देताना कोणत्या वाक्याच्या आधारे दिले ते सांगावे. आधार दाखवता आला नाही तर बरोबर उत्तरालाही गुण नकोत. हा तास इंग्रजीच्या सहकाऱ्यांबरोबर घेता आला तर उत्तमच. पण त्यांची वाट पाहत थांबू नये.

जतची ती विद्यार्थिनी अजून सेट उत्तीर्ण झालेली नाही. गेल्या खेपेला थोडक्यात राहिली. मध्यंतरी तिने सोडवलेला एक उतारा तपासायला आणला. इंग्रजी ओळींच्या वर तिने पेन्सिलीने बारीक अक्षरांत ‘जरी’, ‘तरी’, ‘ज्यांनी’, ‘त्यांनी’ असे लिहिले होते. पाचपैकी चार उत्तरे बरोबर होती. पाचव्याखाली तिने लिहिले होते, “लेखकाचे म्हणणे कळले. मला ते पटत नाही.” आणि खाली तीन ओळींत कारण दिले होते. ते वाचून मला वाटले, आता हिच्याशी वाद घालता येईल.