आतषबाजीचे अंदाजपत्रक आणि कारागिरांची मजुरी

केरळातील त्रिशूरचे पूरम 2022 साली 10 मे रोजी झाले. प्रघाताप्रमाणे मुख्य आतषबाजी दुसऱ्या दिवशी पहाटे व्हावयाची होती. पावसाने मैदान भिजले, मुहूर्त पुढे गेला. पुन्हा पाऊस आला, पुन्हा मुहूर्त पुढे गेला. आणि अखेरीस 20 मे रोजी, दिवसाउजेडी, दारू उडविण्यात आली. हजारोंच्या डोळ्यांचे पारणे फेडणारा तो सोहळा नऊ दिवस लांबला याची हळहळ पुष्कळांना वाटली. परंतु भरलेले गोळे नऊ दिवस कोरडे राखणे, त्यांच्यावर रात्रंदिवस पहारा ठेवणे आणि आकाश निवळताच मैदानावर हजर होणे हेही कामच होते. त्या नऊ दिवसांच्या मजुरीचा बोजा कोणावर पडावा, हा प्रश्न मात्र सार्वजनिक चर्चेत क्वचितच येतो.

सरकारी कचेरीतील कारकुनाला परगावी कामासाठी पाठविले तर त्याला प्रवासभत्ता मिळतो, मुक्काम वाढला तर दैनिक भत्ता मिळतो. परीक्षेच्या कामावर गेलेल्या शिक्षकालाही मानधनाचा तक्ता ठाऊक असतो. हे भत्ते तुटपुंजे असतील, बिले महिनोन्महिने अडकत असतील, तरी हक्क कागदावर असतो. दारूकाम करणाऱ्याजवळ बहुधा तो कागदच नसतो.

याचे कारण कंत्राटाच्या रचनेत आहे. देवस्थानची समिती परवानाधारक कंत्राटदाराला सर्व काम एका ठोक रकमेत देते. त्या रकमेत दारूचा कच्चा माल येतो, वाहतूक येते, परवान्याचा आणि विम्याचा खर्च येतो, माणसांचे जेवणखाण आणि मुक्काम येतो. गंधक, सोरा आणि ॲल्युमिनियमची पूड यांचे भाव बाजार ठरवितो. त्यांत काटकसर करावी तर गोळा आकाशात फुलत नाही आणि पुढील वर्षी काम हातचे जाते. वाहनभाडे टळत नाही. मग जे काही उरते ती मजुरी! सर्व खर्चांत लवचीक असा एकच खर्च राहतो, तो माणसाचा. समितीच्या जमाखर्चात तर ‘आतषबाजी’ एवढी एकच ओळ असते आणि तिच्यामागे किती माणसे, किती दिवस राबली हे वर्गणीदाराला कळण्याचा मार्ग नसतो.

आतषबाजी म्हणजे वात पेटविण्याची दोन-चार मिनिटे नव्हेत. मैदानात खड्डे खणून लोखंडी नळ रोवावे लागतात, गोळे ठरलेल्या क्रमाने उतरवावे लागतात, वाती एकमेकींशी जोडाव्या लागतात. कार्यक्रम संपून गर्दी घरी गेल्यावर न फुटलेले गोळे अंधारात शोधून निकामी करावे लागतात. कदाचित हेच सर्वांत धोक्याचे काम. धोका मैदानापुरताही नसतो. त्रिपुणित्तुरा येथे 12 फेब्रुवारी 2024 रोजी उत्सवासाठी आणलेली दारू गाडीतून उतरविताना स्फोट झाला आणि त्यात जीवितहानी झाली. ही हमाली खेळाच्या कंत्राटात कोणत्या दराने धरली जाते?

या व्यवसायाचा हंगाम अपुरा आहे. केरळात उत्सवांचे दिवस सामान्यतः हिवाळ्यापासून वैशाखापर्यंत. पावसाळ्यात हे हात रिकामे. त्यातही परवानगीची अनिश्चितता वाढत चालली आहे. 10 एप्रिल 2016 रोजी कोल्लम जिल्ह्यातील परवूरच्या पुट्टिंगल देवळात दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन शंभराहून अधिक माणसे मरण पावली. जिल्हा प्रशासनाने तेथील चढाओढीच्या आतषबाजीला परवानगी नाकारली होती, तरी ती झाली. मृतांत प्रेक्षक होते, तसे दारूकाम करणारेही होते. त्यानंतर नियमांची अंमलबजावणी कडक झाली हे योग्यच झाले. तथापि परवानगी ऐन वेळी नाकारली गेली तर आठवडाभर गोळे बांधणाऱ्याची मजुरी बुडावी, असे कोणत्याही सुरक्षा-नियमात लिहिलेले नाही. ती बुडते कारण ती ‘काम पार पडल्यावर’ देण्याच्या बोलीवर असते. शिवाय अशा बोलीमुळे परवानगी नसतानाही खेळ उरकून घेण्याची ओढ सर्वांनाच लागते. म्हणजे मजुरीचा प्रश्न हा निव्वळ दयेचा प्रश्न नसून सुरक्षिततेचाही आहे.

अपघात झालाच तर काय? येथे कायद्याची गुंतागुंत समजून घेणे आवश्यक आहे. 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा घातक पदार्थांच्या अपघातात बळी पडणाऱ्या बाहेरच्या माणसासाठी आहे. ‘कामगार’ त्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे. कामगारासाठी नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा होता आणि आता त्याची जागा घेणारी 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता आहे, म्हणून हे वगळणे तर्काला धरून आहे, असे म्हणता येईल. परंतु 1923 च्या कायद्याने मूळ मालकावर जबाबदारी टाकली ती कंत्राटी काम त्याच्या ‘व्यापाराचा किंवा धंद्याचा’ भाग असेल तर. देवस्थान म्हणणार, आतषबाजी हा आमचा धंदा नव्हे, ते देवाचे कार्य आहे! मग उरतो कंत्राटदार, आणि तो पुष्कळदा स्वतःच त्या स्फोटात होरपळलेला असतो.

भरपाईची रक्कमही वेतनावरूनच निघते. मृत्यू आल्यास मासिक वेतनाच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे, अशी 1923 च्या कायद्याची रीत. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक 184.17. वेतन 15,000 रुपये (2020 साली हिशेबासाठी हीच कमाल मर्यादा ठरविण्यात आली) सिद्ध झाले तर कुटुंबाला 13,81,275 रुपये मिळतात. 6,000 रुपयेच सिद्ध झाले तर 5,52,510. दोहोंतील फरक आठ लाखांहून अधिक आहे आणि तो केवळ एका वहीतील नोंदीचा आहे. रोखीने, बिनपावतीची मजुरी घेणाऱ्याच्या विधवेने ती नोंद आणावी कोठून?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: हे काम लोक पैशासाठी करीत नाहीत, पिढीजात हौसेने आणि भक्तीने करतात. त्यात तथ्य आहे. अमेरिकेतही 4 जुलैच्या रात्री दारू उडविणाऱ्या तुकड्यांत इतर दिवशी वेगळीच नोकरी करणारी माणसे पुष्कळ असतात. पण हौस ही जो ती बाळगतो त्याची मालमत्ता आहे. ती दुसऱ्याने आपल्या अंदाजपत्रकात बचत म्हणून दाखवू नये. मिरवणुकीतील हत्तीच्या भाड्याची घासाघीस करताना हत्तीच्या भक्तीचा दाखला कोणी देत नाही.

सार्वजनिक आतषबाजीला स्फोटके नियमांखाली परवाना लागतो. या नियमांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे, आणि दारूकामाची परंपरा कोकण-गोव्यातील जत्रांनाही आहे. तेव्हा हा विषय मराठी वाचकाला परका नाही. 11 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने या नियमांत दुरुस्ती करून कोठार व मैदान यांत 200 मीटरांचे अंतर घातले, आणि त्रिशूरच्या देवस्थानांनी त्याला कडाडून विरोध केला. वाद सारा मीटरांचा झाला. परवान्याच्या अर्जासोबत नकाशा लागतो, साठ्याचा तपशील लागतो; त्यालाच कामावरील माणसांची नावे, वये, रोजची मजुरी, प्रवासखर्च आणि लांबलेल्या दिवसांचा भत्ता दाखविणारा एक तक्ता जोडणे अवघड नाही. मजुरीची रक्कम मालाच्या रकमेपासून वेगळी काढून समितीने आधीच बँकेत ठेवावी, म्हणजे पाऊस पडो वा परवानगी नाकारली जावो, झालेल्या कामाचे दाम अडणार नाहीत. खर्च वाढेल, अशी तक्रार समित्या करतील. तो वाढेलच, फार तर गोळ्यांची संख्या थोडी कमी करावी लागेल.