शेवटची पाच मिनिटं कोण सांभाळणार? एफसी गोवाच्या दावेदारीचा हिशेब

सुपर कप सलग दुसऱ्यांदा एफसी गोवाकडेच राहिला. ७ डिसेंबर २०२५ रोजी फातोर्ड्यावर १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही आणि पेनल्टीवर गोव्याने ईस्ट बंगालला ६-५ असं हरवलं. त्यामुळे मडगावपासून चोर्ला घाटावर बेळगावपर्यंत जुनाच प्रश्न पुन्हा निघाला आहे: आयएसएलच्या विजेतेपदाचा हा संघ खरा दावेदार आहे का?

नुसतं गुणतक्त्यावर पाहिलं तर उत्तर 'हो' असं येतं. २०१९-२० मध्ये गोवा साखळीत पहिला आला, २०२४-२५ मध्ये ४८ गुणांसह दुसरा. पण आयएसएलचा करंडक मात्र आजवर एकदाही आलेला नाही.

कुठे बिघडतं, ते घड्याळ सांगतं. २०१५ ची अंतिम लढत, फातोर्डा: ८७व्या मिनिटाला गोवा २-१ ने पुढे, आणि सामना संपला तेव्हा चेन्नईयिन ३-२ ने विजेता. २०१९ ची अंतिम लढत, मुंबई: जादा वेळ संपत आला असताना बंगळुरूचा एकमेव गोल. एप्रिल २०२४, उपांत्य फेरी: मुंबई सिटीविरुद्ध ९०व्या मिनिटापर्यंत २-० आघाडी, आणि शेवटी २-३ पराभव. एप्रिल २०२५, पुन्हा उपांत्य फेरी: ८८व्या मिनिटाला एकूण गोलसंख्येत बरोबरी साधली, आणि भरपाई वेळेत सुनील छेत्रीच्या हेडरने सगळं संपलं.

चार वेळा झालं त्याला नशीब म्हणून चालणार नाही. २०२४-२५ चे आकडे तेच सांगतात. विजेत्या मोहन बागानने २४ सामन्यांत ४७ गोल केले, गोव्याने ४३. फरक फक्त चारचा. पण बागानने गोल खाल्ले १६ आणि गोव्याने २७. म्हणजे जमेची बाजू जवळपास सारखीच, तूट आहे ती खर्चाच्या बाजूला. आठ गुणांचं अंतर मुख्यतः तिथेच पडलं.

म्हणून ताज्या करंडकापेक्षा त्यातलं शून्य महत्त्वाचं. मे २०२५ मध्ये भुवनेश्वरला जमशेदपूरविरुद्ध ३-०, आणि आता १२० मिनिटं ०-०. लागोपाठ दोन अंतिम सामन्यांत प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्या संघाने गोल खाल्ला नाही. जो संघ शेवटच्या मिनिटांत ढासळायचा, तो आता टिकून राहिला. जुन्या आजारावर हे पहिलं ठोस उत्तर आहे.

अर्थात दोन सामने म्हणजे हंगाम नव्हे. बाद फेरीत चार-पाच सामने निभावता येतात, साखळीत महिनोन्महिने बचाव धरावा लागतो. आणि दैव असं, की गोव्याचा दावा सगळ्यात भक्कम दिसत होता तेव्हाच, २०२५ मध्ये, लीग व्यावसायिक हक्कांच्या तिढ्यात अडकली होती.

निकाल एवढाच: गोवा दावेदार आहे, पण अजून सिद्ध झालेला नाही. लीगमध्ये गोव्याने किती गोल केले हे मोजू नका. ८५व्या मिनिटानंतर किती खाल्ले, ते पाहा.